जगाआधी लावलेली शिफ्ट

पोरगी जन्मली आणि रडली नाही. दाराच्या काचेतून नर्सची पाठ तेवढी दिसत होती. ती पोरीला चोळत होती, आणि बाळंतीण "का रडत नाही?" म्हणून ओरडत होती. बाहेर आम्ही तिघं म्हातारी: मी, पोरीचा आजोबा आणि त्याचा पेणचा मेव्हणा.

आजोबानं एक बोट वर केलं. त्याची सवयच ती. आता हा 'नेमलेलं आहे' म्हणणार, हे मला ठाऊक होतं. म्हणाला असता तर मी मुस्काटात दिली असती. पण बोट तसंच वर राहिलं. शब्द आला नाही.

तुम्ही त्याला ओळखत असता तर तुम्हीही वैतागला असता. रोह्यात आमचा शेजारी. नगरकडचा ख्रिस्ती, धाटावच्या कंपनीत जन्म गेला. दूध नासलं, नेमलेलं आहे. एसटी चुकली, नेमलेलं आहे. बायको गेली तेव्हाही बोट वर करून तेच म्हणाला, आणि मग कित्येक दिवस धड जेवला नाही.

"वहिनी, देवानं जग करायच्या आधीच सगळ्यांची शिफ्ट लावलीय. कोण तरणार, कोण नाही. आपण फक्त बोर्ड वाचायचा."

"त्यापेक्षा आमची सटवाई बरी," मी म्हणायची. "पाचव्या दिवशी येते, पोराचं तोंड बघते, मग कपाळावर लिहिते. तुमच्या देवानं तोंड न बघताच लिहिलं व्हय?"

मेव्हणा त्याच्याहून वरचढ. पेणला रामवाडीत राहायचा. दर रविवारी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात एकाच्या घरी प्रार्थना असायची, तिला एसटीनं यायचा. मग आमच्या या शेजाऱ्याच्या घरी जेवण, आणि जेवणावर भांडण. त्याचं म्हणणं, जीव सगळे आधीपासून देवापाशी असतात, तिथून खाली येतात.

"दाजी, बोर्डावर नाव लागायला माणूस आधी भरती झालेला लागतो ना?"

"जीव देहाबरोबरच होतो. त्याआधी काही नसतं."

"मग देवानं निवडलं कुणाला? रिकाम्या खुर्चीला?"

"तुझं हे मत चर्चनं कधीच मोडीत काढलंय."

"आणि तुझा देव नुसता टाइमकीपर हाय!"

या टाइमकीपरवरून बोलणं तुटलं. प्रार्थनेला एक दाराशी बसायचा, दुसरा खिडकीशी. आमच्याकडे माणसं बांधावरून भांडतात. यांनी जन्माआधीच्या जागेवरून अबोला धरला.

भाचीला दवाखान्यात नेल्याचं कळलं म्हणून त्या दिवशी मेव्हणा न बोलावता आला होता. दोघं बाकाच्या दोन टोकांना, मधे मी थर्मास घेऊन.

तर बोट वर, आणि आत पोरगी गप्प. मेव्हणा दाजीच्या जवळ गेला.

"दाजी, ती अजून तिथून निघाली नाय. घाबरलीय. हाक मार तिला."

म्हटलं, आता इथेच जुंपणार. पण त्यानं मेव्हण्याकडे नुसतं पाहिलं, बोट खाली घेतलं आणि काचेला तोंड लावलं.

"ये गो बाय," तो म्हणाला. इतकी वर्षं इथे राहून आमची बोली कधी तोंडात घेतली नव्हती. "ये. भिऊ नको. तुझी आई हाय. मी हाय. ये गो."

"आजोबा, बाजूला व्हा!" नर्स आतून खेकसली. तो हलला नाही. मेव्हणाही हाका मारू लागला. मग मीही. माझा त्यात काही संबंध नव्हता, पण मारल्या.

आतून आधी उचकीसारखा आवाज आला. मग पोरगी रडली, आणि अशी रडली की बाकीचे पेशंट बघायला आले.

चहा ओतताना मी विचारलं, "भावजी, जीव देहाबरोबरच होतो ना? मग हाका कुणाला मारत होता?"

"वहिनी, तुम्ही फार बोलता."

मेव्हणा भिंतीकडे तोंड करून हसत होता. पुढच्या रविवारी दोघं एकाच सतरंजीवर बसले आणि जेवणावर पुन्हा भांडले. दोघांनीही आपलं मत तसूभर सोडलं नाही.

मेव्हणा आधी गेला. हा गेल्या उन्हाळ्यात. त्या दाराच्या बाहेर होतो त्यांतली मी राहिले आहे. आतल्या मायलेकी दोघीही आहेत.