निऱ्या पुढे की मागे?

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होतो. उत्तरेकडच्या एका गावात नदी शिरली, तेव्हा आठवड्याची रजा टाकून मदतीला गेलो. डॉक्टर म्हणून गेलो खरा, पण हातात आलं फावडं. दिवसभर लोकांच्या घरांतून चिखल उपसायचा आणि संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये परतायचं. घरं गेलेली माणसंही तिथेच राहत होती.

ड्यूटी संपली की आमच्यातले स्कॉटिश गडी ओल्या पँटी खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर टाकून किल्ट, म्हणजे त्यांचा तो गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पुरुषी घागरा, घालायचे. मला राग यायचा. ही काय मिरवायची वेळ आहे? तिसऱ्या दिवशी माझीही शेवटची पँट भिजली आणि तोरा उतरला. आमच्या मदत पथकाच्या प्रमुख बाईंनी दान आलेल्या कपड्यांच्या पोत्यातून एक हिरवा किल्ट काढून माझ्या हातात कोंबला. कसा नेसायचा ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निऱ्या दिसल्या, त्या पुढे घेतल्या. आईचं लुगडं काय, वडिलांचं धोतर काय, आमच्याकडे निऱ्या पुढेच. त्यात विचारायचं काय?

हॉलमध्ये शिरलो तर सगळ्यांच्या नजरा माझ्या कमरेवर. काय चुकलं ते कळेना.

कोपऱ्यात एक म्हातारा बसायचा. आल्यापासून तो ना बोलला होता ना जेवला होता. उद्यापर्यंत काही खाल्लं नाही तर याला हॉस्पिटलात हलवावं लागेल, असं मीच सकाळी बाईंना सांगितलं होतं. ते ऐकून त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

तो म्हातारा उठला. थेट माझ्याकडे आला.

"उलटा नेसलायस, पोरा."

तो चिडला होता की हसत होता, देव जाणे. त्याने माझ्या किल्टचं बक्कल सोडलं, मी लाजेनं अर्धमेला होऊन कापड धरून उभा, आणि त्याने किल्ट फिरवून निऱ्या मागे नेल्या. मग खालच्या काठाशी रफू केलेल्या जागेवर त्याची बोटं थांबली.

"हे माझ्या बायकोचं काम," तो म्हणाला. "ती गेल्यावर दान करून टाकला होता. बाकी सगळं नदीनं नेलं."

"घ्या, तुमचाच आहे," म्हणत मी तिथेच बक्कल सोडायला लागलो.

"डॉक्टर! आत काही घातलंय का?" बाई ओरडल्या.

घातलं नव्हतं. म्हाताऱ्याने मला खाली बसवलं, बाईंकडे दोन वाट्या सूप मागितलं आणि सगळं संपवलं. तोवर त्याचा एक हात त्या रफूवर होता. मी हललो नाही.

निघायच्या सकाळी किल्ट घडी करून त्याच्या खाटेवर ठेवला. गाडीत बसलो तर किल्ट माझ्या बॅगेवर परत आलेला. वर पिनेने लावलेली चिठ्ठी, तिच्यावर एकच इंग्रजी शब्द: 'बॅक'.

निऱ्या मागे घे, की किल्ट परत घे, की परत ये?

परवा बायकोने विचारलं, "अहो, हा किल्ट चॅरिटी शॉपला देऊ का? कबर्ड फुल झालंय." मी नको म्हणालो. पहिल्या दोन गोष्टी मी केल्या. परत मात्र कधी गेलो नाही.