मोत्याचा पाय आणि सासऱ्यांचा राजा

आमच्या मोत्याचा पाय मोडलेला नव्हता, हे मला त्या पायाला कामट्या बांधून झाल्यावर समजलं.

साठ सालाच्या आसपास आम्ही आर्णीला राहत होतो. त्या दिवशी आमचा कुत्रा सकाळपासून मागचा पाय उचलून निंबाशी उभा! पाय खाली टेकेचना. मी (हाडांतलं आपल्याला कळतं, असा माझा समज) तेल चोळलं, बांबूच्या कामट्या आवळल्या. मोत्या कण्हू लागला. बायकोनं त्याच्या पोटाला हात लावला आणि ती किंचाळलीच.

"अजी, पायाले काही नाही झालं! त्याले लघवीच होऊन नाही राह्यली! मरून जाईन ना थो!"

ढोरांचे डॉक्टर आले. त्यांनी आधी कामट्या पाहिल्या.

"हे कोन्या शायन्यानं केलं?"

मी शेजाऱ्याच्या घराकडे पाहिलं.

कामट्या सोडून, पोट चाचपून ते म्हणाले, "मुतखडा अडकला. काही कुत्र्यायच्या खानदानातच असते हे. याचा बाप कोठचा?"

"पुसदचा!" मी आनंदानं ओरडलो. पुसद म्हणजे माझी सासुरवाडी! मोत्या सासऱ्यांनीच दिवाळीला दिलेला. "पाह्यलं? तुह्या माहेरचा रोग!"

सासरे तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला, ओसरीवर दाढी करत होते. अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून उठले.

"जावईबापू, मोत्याच्या बापाले, आमच्या राजाले, खडा होता, कबूल! पन राजा पिल्लू होता तवा आमाले कोनं देल्ला? तुमच्या लग्नात तुमच्याच बाबानं!"

म्हणजे रोग आमचाच, पुसदला जाऊन परत आलेला? "राजाच्या आईकडून आला असन!" मी म्हटलं.

"थे बी तुमच्याच घरी होती!" बायको म्हणाली.

"भांडन मंग करा," डॉक्टर ओरडले, "आंधी पाय धरा!"

मी सासऱ्यांपुढे वाकलो.

"कुत्र्याचे!"

डॉक्टरांनी रबरी नळीनं खडा मागं सरकवला, नळी काढली. मोत्या उठला. त्यानं निंब हुंगला, नापसंत. माझ्याजवळ आला, मी बांधला होता नेमका तोच पाय उचलला आणि माझ्या कोऱ्या धोतरावर धार धरली!

"झालं! झालं!" बायको रडायला लागली. मी मागं सरकू लागलो.

"हालू नका!" सासरे, डॉक्टर, बायको एकदम ओरडले. "पुरं होऊ द्या त्याचं!"

मी निमूट उभा राहिलो. दोन्ही घराण्यांना माझा इतका उपयोग पुन्हा कधी झाला नाही.