आम्हा पाच जणांत एकच टॅब

माझ्या सासूबाईंच्या छातीतली गाठ आमच्या घरात सगळ्यांनी पाहिली होती. रोज पाहत होतो. पण कुणालाही ती ओळखू आली नाही, कारण आम्हा पाच जणांत टॅब एकच. आग लागो त्या टॅबला!

शिरपूरच्या घरात तो पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी आला आणि हळूहळू सगळ्यांचा झाला. थोरल्याचं गणित, धाकटीची कार्टून, यांचे कापसाचे भाव, माझे ब्लाउजचे गळे. सासूबाई चोपड्याकडच्या, अक्षरओळख नाही. पण माइकचं बटण दाबून बोललं की व्हिडिओ येतो, हे धाकटीने त्यांना शिकवलं होतं. दुपारी घर रिकामं झालं की भजनं ऐकायच्या. घरात अहिराणीशिवाय बोलायच्या नाहीत, टॅबशी मात्र तहसीलदारापुढे उभं राहिल्यासारखं शुद्ध मराठी. आम्ही खूप हसायचो.

एकाचं बघणं दुसऱ्याच्या पुढ्यात येऊन पडायचं. गणित उघडावं तर वर कापूस, कापूस उघडावा तर कार्टून. "हे कोणी लावलं?" हे भांडण रोजचंच. त्यात एकदा बाईच्या छातीचं चित्र असलेले व्हिडिओ यायला लागले. यांना वाटलं माझे असतील, म्हणून लाजून गप्प बसले. धाकटीने "ईऽऽ" करून सरकवले. मला दिसले तेव्हा टॅब थोरल्याच्या हातात होता. नववीतला पोरगा! माझं डोकंच फिरलं. खाली काय लिहिलंय तेही वाचलं नाही. "अभ्यासाच्या नावाखाली हे धंदे?" म्हणत दोन थोबाडीत ठेवून दिल्या. तो देवाच्या शपथा घेत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोरही नव्हता.

सासूबाई तिथेच तूर निवडत बसल्या होत्या. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "पोऱ्याले मारू नको वं, माय." बस्स, एवढंच.

"तुम्ही मधे पडू नका, आई," असं म्हणून टॅबवर आजवर बघितलेलं सगळं मी पुसून टाकलं आणि त्याला नवा पासवर्ड लावला.

दोन दिवसांनी त्या जवळ येऊन म्हणाल्या, "माले जरासा उघाडी दे ना." मी कणीक मळत होते. "भजनं टीव्हीवर लागतात की!" त्या तशाच मागे फिरल्या. पुन्हा कधी मागितला नाही. माझी जीभ तेव्हाच झडली असती तर बरं झालं असतं.

पाच महिन्यांनी त्यांचा हात वर होईना. मी वेणी घालायला बसले, तेव्हा चोळी एका बाजूने ओली दिसली. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" परतताना सोनगीर मागे पडलं तेव्हा सासूबाईच बोलल्या. रागाने नाही.

"मी त्या टॅबले इचारं व्हतं. डॉक्टरले दखाडा, आसं बोलना तो. अजून एकदाव आयकनं व्हतं, खरं का खोटं. मंग तू कुलूप लाई दिधं."

"अहो, पण मला का नाही सांगितलं?"

"तू पोऱ्याले मारं. मंग कसं सांगू?"

मी गाडीतच रडले. त्या माझी पाठ थोपटत होत्या, त्या मला!

थंडीतच त्या गेल्या. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी थोरला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. जेवायचं म्हणून आला असेल असं वाटलं.

"मम्मी, मला गाठीचं माहीत होतं. तू मारलंस ना, त्याच दिवशी आजीने मला सांगितलं. शपथ घातली तिने, कुणाला बोलू नको म्हणून." त्याची नजर जमिनीवर होती. "मी शपथ मोडली असती तर आजी वाचली असती का?"

"नाही रे बाळा," एवढंच म्हणायचं होतं. खोटं तर खोटं. आई आहे ना मी? पण मी परातीतली भाकरीच थापत राहिले. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली आणि निघून गेला.