तोंडपाठ चर्च

सिडनीच्या धक्क्याला क्रूझ लागली की सकाळी साडेसातला मी कोच, म्हणजे टूरची मोठी बस, घेऊन हजर असायचे. मी ड्रायव्हर. पुण्यात स्कूटीपलीकडे काही चालवलं नव्हतं. मेलबर्नला क्लेटनमध्ये अकाउंटिंग शिकायला आले, पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी मिळाली, लग्न करून सिडनीला आले, आणि दोन वर्षं ऑफिसात आकडे बघून इतकी कंटाळले की एका दुपारी सरळ हेवी व्हेइकल लायसन्सच्या क्लासला नाव घातलं. नवरा पॅरामॅटाला आयटीत. त्याने विचारलं, "बस? अख्खी बस?"

"मग अर्धी कोण देणार मला?" मी म्हटलं.

आमच्या कंपनीच्या टूर बऱ्याच होत्या. कोआला, वाइन, डोंगर. नवीन म्हणून माझ्या वाट्याला आली ती चर्चची. जहाजातून उतरलेल्या लोकांना ऑस्ट्रेलियातली अगदी सुरुवातीची चर्चं दाखवायची आणि चारच्या आत परत जहाजावर सोडायचं. गाईड होत्या सत्तरीच्या एक बाई, शाळेतून रिटायर झालेल्या. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही मारायचे, पण मनातल्या मनात त्या माझ्या कायम 'बाई'च राहिल्या.

बाई माझ्या डावीकडच्या छोट्या सीटवर बसून माइकवर बोलायच्या. आवाज असा, की मागच्या रांगेतले आजोबासुद्धा डुलकी सोडून ऐकायला लागत. पहिलं चर्च पॅरामॅटाचं, दोन मनोऱ्यांचं. तिथे कोच उभा करायला जागा नाही, म्हणून लोकांना उतरवून मी गोल गोल फेऱ्या मारत राहायचे. शेवटचं हॉक्सबरी नदीच्या काठचं, या देशातल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी एक. तिथे शेतात कोच लावता यायचा. पण ज्यांना चालवत नाही असे दोन-चार जण कोचमध्येच बसून राहत, आणि आत पॅसेंजर असताना ड्रायव्हरने कोच सोडायचा नाही हा कंपनीचा नियम. त्यामुळे दोन सीझनमध्ये मी ते चर्च फक्त आरशातून पाहिलं. आरशात छपराचा एक कोपरा आणि एक झाड दिसायचं.

वाटेत बाई माइकवर सांगायच्या ते ऐकलं मात्र सगळं, आत डावीकडे-उजवीकडे काय आहे तेसुद्धा. दगड कुठून आणला, छप्पर कोणी घातलं, चर्च बांधायच्या आधी लोक झाडाखाली कसे प्रार्थनेला जमायचे, नदीला पूर आला की होड्यांतून कसे यायचे. कुठे विनोद, कुठे उसासा, सगळं मला पाठ. घरी कणीक मळताना मी बाईंच्या आवाजात ते म्हणून दाखवायचे आणि माझी सहा वर्षांची मुलगी म्हणायची, "Mum, you sound like my principal."

मग कोविड आला. जहाजं बंद, टूर बंद, आम्ही सगळे घरी. दोनेक महिन्यांनी मला एका लोकल बस कंपनीत शिफ्ट मिळाल्या. ती काय बस होती! जिथे बसायला परवानगी त्या सीटवर हिरवा गोल स्टिकर, बाकीच्या सीट रिकाम्या. अन् हिरव्या गोलांवरही कोणी नाही. दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये तर आमच्या पश्चिम सिडनीत कडक नियम. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, नवरा दिवाणखान्यात, मुलगी डायनिंग टेबलावर, दोघेही आपापल्या स्क्रीनला चिकटलेले. घराबाहेर पडणारी मी एकटी, आणि पडून करायचे काय, तर आम्ही राहतो त्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या नव्या-नव्या गल्ल्यांतून रिकामी बस फिरवायची.

तेव्हा मी बोलायला लागले. एकटीच. सुरुवातीला गाणी म्हटली, ती संपली, मग बाईंची टूर. 'लेडीज अँड जंटलमेन' म्हणून आरशातल्या हिरव्या स्टिकरांना सुरुवात करायची आणि स्टेशन येईपर्यंत नदीकाठी पोचायचं. एका सकाळी असंच मी पुराचं रंगवून सांगत होते. स्टॉपची बेल वाजली तेव्हा कळलं की मागे कोणीतरी बसलंय. हॉस्पिटलच्या कपड्यातली एक नर्स होती. उतरताना मास्कच्या आडून म्हणाली, "शेवटी ते चर्च बांधून झालं का?"

"झालं," मी म्हटलं.

"थँक गॉड," म्हणाली आणि गेली.

दोन वर्षांनी बंदरात पुन्हा जहाजं येऊ लागली. कंपनीने जुन्यांना बोलावलं. माझी पहिलीच फेरी होती, क्वीन्सलंडकडून आलेल्या जहाजाची. सव्वासातला मी धक्क्यावर, कोच चकाचक, सॅनिटायझरची बाटली दारात. इतक्यात ऑफिसातल्या मॅनेजरचा फोन.

"आपल्या गाईडची सकाळची टेस्ट पॉझिटिव्ह आली. सात दिवस घरात. दुसरा कोणी गाईड मिळत नाहीये. टूर कॅन्सल करतो, लोकांना काय सांगायचं ते बघू."

समोर लोक रांगेत उभे. बहुतेक सगळे म्हातारे, टोप्या घातलेले, दोन वर्षांनी घराबाहेर पडलेल्या माणसांच्या डोळ्यांत जे असतं ते मास्कच्या वर सगळ्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करते. मला येतं सगळं."

"तुला? तू कधी केलंयस?"

"बसमध्ये. खूपदा." प्रेक्षकांबद्दल त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

निघालो. माइक गळ्यात अडकवलेला, मास्कमुळे चष्म्यावर वाफ. पुलावर चढताच तोंड सुरू झालं ते थांबेना. पॅरामॅटात लाइट रेलसाठी रस्ते खणून ठेवलेले, कोच थांबवताच आला नाही. मी मनोरे लांबूनच दाखवले आणि बाईंच्याच शब्दांत सगळं सांगून टाकलं. लोक हसायच्या जागी हसले. मला चेव आला. मोटरवेला लागल्यावर मी नदीकाठच्या चर्चचं सुरू केलं आणि त्याच भरात, बाई घ्यायच्या तसाच एक पॉझ घेऊन म्हणाले, "आणि याच चर्चमध्ये माझ्या पणजीच्या आईचा बाप्तिस्मा झाला."

मागे कुजबुज सुरू झाली.

पहिल्याच सीटवर काठी घेतलेले एक आजोबा बसले होते. आयुष्यभर क्वीन्सलंडात मोठे ट्रक चालवलेले, हे त्यांनी बसताबसता सांगितलं होतं. त्यांनी पुढे वाकून माझ्याकडे नीट पाहिलं. माझा रंग, माझी टिकली.

"तुझ्या पणजीच्या आईचा, मेट?"

कानापर्यंत तापले मी. मोटरवेवर कोच थांबवूनही चालत नाही, नाहीतर उतरून पळाले असते. म्हटलं, "माझ्या नाही. गाईडच्या. गाईडला कोविड झालाय. मी ड्रायव्हर आहे, तिचं ऐकून ऐकून मला पाठ झालंय. माझी पणजी साताऱ्याची. ती चर्चमध्ये कधी गेली असेल असं वाटत नाही."

आजोबा आधी हसले, मग त्यांच्या मागची रांग, मग सगळा कोच. मागून कोणीतरी ओरडलं, "चालू ठेव, लव्ह! छान चाललंय!"

शेतात कोच लावला. एकेक करून सगळे उतरले, आजोबा उतरेनात. गुडघे. मी आरशाकडे बघत सीटवरच बसून राहिले, सवयीने.

"जा ना," आजोबा म्हणाले.

"तुम्ही आत असताना मला कोच सोडता येत नाही. नियम आहे."

त्यांनी काठी उचलली, गुडघ्याला शिव्या घालत तीन पायऱ्या उतरले आणि दारापाशी बाहेर उभे राहिले. "आता मी आत नाही. मी इथे उभा राहून गाडी बघतो. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या सांभाळल्यात. जा."

चर्चचं दार उघडलं तिथल्याच एका स्वयंसेवक बाईंनी. मी आत पाऊल टाकलं आणि थबकले. केवढंसं होतं ते! माझ्या मनात दोन वर्षांत त्याचं काहीतरी अवाढव्य होऊन बसलं होतं, उंच कमानी वगैरे. हे म्हणजे आमच्या स्कोफिल्ड्सच्या घराचा हॉल आणि गॅरेज मिळून होईल तेवढं. पांढऱ्या भिंती, लाकडी बाक, मेणाचा आणि जुन्या पुस्तकांचा वास. मी सुरुवात केली, "तुमच्या डाव्या हाताला..." तर सगळ्यांनी डावीकडे पाहिलं, आणि तिथे काहीच नव्हतं. बाई लोकांना दाराकडे तोंड करून उभं करत असणार, माझे लोक बरोबर उलटे उभे. त्यांना वळायला लावलं, हसले, पुन्हा सांगितलं.

बाहेरच्या भिंतीशी आलो. 'दगडावर अजून छिन्नीचे घाव दिसतात' हे वाक्य मी निदान शंभर वेळा म्हटलं असेल. तिथे खरंच घाव होते. तिरपे, एकसारखे नाहीत, कुठे हात घसरल्यासारखा लांब. मी बोट फिरवलं आणि पुढचं वाक्य आठवेना. विसरले म्हणून नाही. समोर दगड असताना त्याच्याबद्दल बोलायचं कशाला, असं काहीतरी झालं. लोकांना वाटलं हेही टूरमध्येच आहे. त्यांनीही एकेक करून दगडाला हात लावला.

पुन्हा आत गेलो तेव्हा स्वयंसेवक बाई सांगत होत्या, "कितीतरी महिने आम्हाला इथे गायला बंदी होती. प्रार्थना चालेल, गाणं नाही. आम्ही ओठ मिटून नुसतं गुणगुणायचो."

निळ्या स्वेटरमधल्या एका आजींनी विचारलं, "आता चालतं?"

"चालतं की."

आजींनी घसा साफ केला आणि गायला सुरुवात केली. आवाज कापरा, पट्टी जरा वरच. दुसऱ्या कडव्याला चार जण मिसळले, मग बहुतेक सगळेच. मास्कच्या आतून येणारं ते गाणं मला ओळखीचं नव्हतं, शब्दही नीट कळत नव्हते. मी दाराशी उभी होते. बाहेर पाहिलं तर आजोबा कोचला टेकून उभे, टोपी हातात घेतलेली.

त्यानंतर लोक कबरींमध्ये पांगले आणि प्रश्न सुरू झाले. हा कोण, हिची इतकी मुलं एकाच वर्षी कशी गेली, हे फूल कोणतं. बाईंच्या टूरमध्ये यातलं काही नव्हतं. मी आपली "माहीत नाही" म्हणत राहिले. पहिल्यांदा म्हणताना लाज वाटली, पाचव्यांदा नाही. स्वयंसेवक बाईंनी बरंच सांगितलं आणि उरलेलं कोणालाच माहीत नव्हतं. मग सगळ्यांनी झाडाखाली स्कोन नावाचे छोटे पाव जॅम लावून खाल्ले आणि पावणेचारला मी सगळ्यांना धक्क्यावर सोडलं. उतरताना आजोबा म्हणाले, "गियर जरा लवकर टाकतेस. बाकी नो वरीज."

त्या संध्याकाळी मला खरी धास्ती होती ती बाईंची. त्यांची टूर, त्यांचे विनोद, त्यांची पणजीची आई, सगळं मी न विचारता वापरलं होतं. मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. नवरा म्हणाला, "फोन कर आणि मोकळी हो." नाही केला.

पुढच्या फेरीला बाई परत आल्या. बारीक झालेल्या, खोकला अजून होता. लोक चढायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, पणजीसकट. बाई खोकून खोकून हसल्या. मग दार बंद आहे ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या पणजीची आई नदीच्या पलीकडच्या एका गावात कुठेतरी जन्मली. बाप्तिस्मा झाला की नाही, देव जाणे. पहिल्या सीझनला जेवणाआधी लोक झोपायचे, म्हणून मी ती कहाणी घातली. नंतर काढायला जीव होईना."

"म्हणजे खोटं?"

"शाळेत चाळीस वर्षं कधी खोटं बोलले नाही," बाई म्हणाल्या. "तेवढं खोटं शिल्लक होतं माझ्याकडे." त्या दिवशी त्यांनी पणजीची आई गाळली. चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं त्यांना, मध्येच अडखळल्या. नदीकाठी पोचल्यावर चालू न शकणाऱ्यांबरोबर त्या स्वतः कोचमध्ये बसल्या आणि मला म्हणाल्या, "आजपासून एक दिवस लोकांना घेऊन चर्चमध्ये तू जा, एक दिवस मी. खोकला आहे मला, बोलवत नाही." कंपनीला त्यांनीच पटवलं. सीझन संपल्यावर त्यांनी काम सोडलं आणि माझ्या हातात वह्यांची एक पिशवी दिली. आता ड्रायव्हर मी आणि गाईडही मीच, चालू न शकणाऱ्यांबरोबर कोचमध्ये बसायला कंपनीने एक मदतनीस दिला. मी लायब्ररीतून आणखी पुस्तकं आणली आणि महिनाभर संध्याकाळी बसून माझी स्वतःची टूर लिहिली. त्यात 'माहीत नाही' हे शब्द बऱ्याच ठिकाणी आहेत.

वर्षाच्या शेवटी आई पुण्याहून आली. तीन वर्षांनी भेटत होतो आम्ही. एअरपोर्टवर आधी आम्ही दोघी रडलो, मग तिने नातीची उंची मोजली आणि माझं वजन बोलून दाखवलं. लेकीला एवढा मोठा कोच चालवताना बघायचंच म्हणाली, तेव्हा एका मोकळ्या सीटवर मॅनेजरने तिला बसू दिलं. नदीकाठी आई सगळ्यांबरोबर उतरली, चर्चच्या दाराशी थांबली आणि मला म्हणाली, "चपला इथेच काढायच्या ना?"

"नाही काढल्या तरी चालतं, आई."

"चालतं म्हणजे काय," म्हणाली आणि काढल्याच. अनवाणी आत जाऊन शेवटच्या बाकावर बसली. मी बोलत असताना ती इकडेतिकडे बघत होती, भिंतीकडे, छताकडे, बाकाच्या लाकडावरून हात फिरवत. परत निघालो तेव्हा माझ्यामागच्या सीटवर येऊन बसली.

"कसं वाटलं?" मी विचारलं. सगळ्या प्रवासात मला तेवढंच ऐकायचं होतं.

"जागा फार छान आहे गं," आई म्हणाली. "तू फार भरभर बोलतेस. माणसांना जरा बघू दे की."