औषध कुठे गेलं?

जेवण झाल्यावर जरा पाठ टेकावी म्हणून रेवती दिवाणावर आडवी होते. डोळा लागत नाही, पण ती धड जागीही नाही. उशाशी माशाच्या टाकीचा फिल्टर घरघरतोय. टाकी तिच्या थोरल्या बहिणीची, कुमुदताईची. ताईचा मिरजेत दातांचा दवाखाना होता आणि रेवती तिथे पेशंटांचे नंबर लावायची. बाहेर बसलेल्या पेशंटांचा जीव रमावा म्हणून ताईने ही टाकी ठेवली होती. ताई दिवाळीनंतर गेली. दवाखान्याला कुलूप लागलं आणि टाकी घरी आली, आतल्या एकुलत्या एका म्हाताऱ्या ऑस्कर माशासकट. त्याला सगळे फौजदार म्हणतात, कारण समोर येईल त्याला तो वरपासून खालपर्यंत न्याहाळतो.

फौजदार आजारी आहे. त्याच्या अंगावर कापसासारखं पांढरं काहीतरी धरलंय. रेवती रोज सकाळी पाण्यात निळं औषध घालते. दुपार कलेपर्यंत निळेपणा जाऊन पाणी पुन्हा लख्ख होतं आणि तिला वाटतं, चला, औषध लागू पडलं. माशाला मात्र उतार नाही. तो गेला तर ताईचं जिवंत असं काहीच उरणार नाही, या धास्तीने तिला अन्न गोड लागत नाही.

लख्ख पाणी ही रेवतीचीच हौस. ताई होती तेव्हा टाकीतल्या लाकडाच्या खोडामुळे पाणी कोऱ्या चहासारखं दिसायचं आणि त्यावरून दोघींची जुंपायची. टाकी घरी आल्याबरोबर रेवतीने काळ्या कोळशाची जाळीदार पिशवी आणून फिल्टरमध्ये कोंबली. टापटिपीच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

घरघर वाढत जाते. आता ती ताईच्या यंत्राची घरघर आहे. "पुढचा नंबर," कुणीतरी म्हणतं. रेवती खुर्चीत पडलेली आहे. दारापलीकडे बाकावर पेशंट ओळीने बसलेत, सगळ्यांचे गाल फुगलेले, तोंडं मिटलेली, आणि पाय घोट्यापर्यंत पाण्यात.

मास्क लावलेली ताई तिच्यावर वाकते.

"आ कर."

"ताई... तू गेलीस ना गं?"

"ते राहू दे. औषध कुठे गेलं?"

"पाण्यात घातलं की. रोज घालते."

"पाण्यात नाहीये. चूळ भरून बघ."

रेवती चूळ भरते. पाण्याला कसलीच चव नाही. ती थुंकायला वळते तर भांडं नाही, खुर्चीखाली टाकीतली वाळू आहे. काचेपलीकडे तिची स्वतःचीच खोली दिसते, आणि तिचा रिकामा दिवाण. दाराएवढा फौजदार अंगावरचा कापूस ओढत शेजारून जातो. त्याचा डोळा तिच्याकडे वळत नाही.

ताईच्या अंगातला निळा डगला फिका पडू लागतो. मग कपाळ, मग भुवया. रंग दोऱ्यासारखा निघतो आणि कोपऱ्यातल्या फिल्टरकडे ओढला जातो. बाकावरचे पेशंट केव्हाच पांढरे झालेत.

"ताई, अशी काय होतेयस तू?"

"तुला सगळं लख्ख लागतं ना, रेवा? अगं, त्या कोळशाला काय कळतंय, घाण कुठली नि औषध कुठलं? सापडेल ते ओढून घेतो."

"मग कोळसा नकोच का?"

"एरवी कशाला हवाय? स्पंज खळबळायचा, थोडं पाणी बदलायचं, झालं. माझं कधी अडलं होतं? औषध संपलं की दोन दिवस ठेवावा, उरलंसुरलं निघून जायला. तू मात्र औषध चालू असतानाच..."

पुढचे शब्दही फिके होतात. मास्क तेवढा उरतो, पाण्यावर तरंगत.

रेवती फिल्टरमध्ये हात घालते. पिशवी फुगलीय, आत काहीतरी वळवळतंय. जाळी फाडून एक काळा हात बाहेर येतो आणि तिचं मनगट धरतो.

"काढ," ताईचा आवाज येतो, पिशवीतून. "मला काढ, रेवा."

तो हात बाहेर यायला धडपडतोय की आपल्याला आत ओढतोय, रेवतीला कळत नाही. जिने तिची वेणी घातली, तिला सायकल शिकवली, त्या सख्ख्या बहिणीची तिला भीती वाटते, आणि तशी वाटते म्हणून स्वतःची शरमही. ती किंचाळते. तोंडातून नुसते बुडबुडे निघतात. अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून ती ओढते.

आणि जागी होते. ती दिवाणावर नाही, टाकीपाशी उभी आहे, बाही कोपरापर्यंत भिजलेली. फरशीवर ऊन आहे. फिल्टरचं झाकण उघडं आहे, आणि कोळशाची पिशवी खाली पडून निथळतेय. जाळी कुठेही फाटलेली नाही.

झोपेतच उठलो आपण, ती स्वतःला समजावते. तिचे तळवे पाण्याने सुरकुतलेत, पण स्वच्छ आहेत. उजव्या मनगटावर मात्र चार काळी बोटं उमटलीत, आणि आतल्या बाजूला अंगठा. ती डावा हात त्यावर ठेवून बघते. तिची बोटं पुरत नाहीत. ताईची बोटं लांब होती.

ती औषधाची बाटली उघडते आणि रोजच्याएवढं औषध टाकीत ओतते. ऊन फरशीवरून सरकतं, दिवे लावायची वेळ होते, तरी पाणी निळंच राहतं. फौजदार तळाशी आहे. कल्ले हलताहेत.

हात धुवायला ती बेसिनपाशी जाते. नळाला हात लावते, मनगटावरची बोटं बघून थांबते, आणि नळ न सोडताच परत येते.