एक शेरापेक्षा जास्त नाही

माणसाने माणसावर किती संशय घ्यावा याला शास्त्रात काही मर्यादा घातलेली असेलही, पण ती घालताना आमच्या पासवाल्या अण्णांना कुणी विचारलं नव्हतं. चोराचा संशय सगळेच घेतात, नोकराचाही पुष्कळ जण घेतात. अण्णा हवेबद्दल बोलणाऱ्याचा संशय घेत. फाल्गुन सरत आला, कलकत्त्याच्या लोकांनी आपल्या माकडटोप्या ट्रंकेत टाकल्या आणि बेहालाच्या रस्त्यावर शहाळ्यांच्या गाड्या दिसू लागल्या, की कुठलाही माणूस भेटेल त्याला सहज म्हणतो, "उकाडा सुरू झाला बुवा." ऐकणारा म्हणतो, "झाला खरा." दोघेही घाम पुसतात आणि आपापल्या वाटेने जातात. अण्णांच्या मते यातलं एकही अक्षर सहज नव्हतं. "निव्वळ उकाड्यासाठी कुणी तोंड उघडत नाही," ते म्हणत. "ज्याचा घाम त्याला कळतो. तो मला येऊन सांगायचं कारण काय?"

कारण होतं, आणि ते अण्णांनाच पक्कं ठाऊक होतं. अण्णा रेल्वेत होते आणि त्यांना पास मिळे. दर चैत्रात ते आणि त्यांच्या पत्नी माई, दोन रात्रींचा प्रवास करून मुंबई गाठत, आणि तिथून पुणे-सातारा करत वाईला अण्णांच्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे जात. कलकत्त्यातली आम्ही मराठी घरं मोजकीच. प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिकडे देशावर होतं, आणि त्या कुणाला तरी काहीतरी पाठवायचं असे. आता एखाद्याला सरळ "माझं एवढं न्याल का?" असं विचारणं आपल्या माणसांच्या रक्तातच नाही. त्यामुळे मंडळी येत, अण्णांच्या जिन्यावर टेकत, कपाळ पुसत आणि उकाड्यापासून सुरुवात करत. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने अण्णांनी याचं कोष्टकच बनवलं होतं. नुसतं "उकाडा सुरू झाला" म्हणणाऱ्याकडे एखादं पुडकं निघे. "यंदा लवकर सुरू झाला" म्हणणाऱ्याकडे पत्र्याचा डबा असे. आणि कुणी "जीव नकोसा झालाय हो या उकाड्याने" म्हणालं, की अण्णा मटकन खाली बसत, कारण त्या माणसाची सासू बरोबर न्यायची असे.

मी लग्न होऊन या शहरात आले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ह्यांची फोर्ट विल्यममधल्या लष्करी कचेरीत बदली झाली होती, आणि बेहालाच्या त्या घरात आम्ही खाली व अण्णा वर राहत होते. पहिल्याच चैत्रात अण्णा जिन्यात भेटले. नव्या सुनेने वडीलधाऱ्या शेजाऱ्यांशी काहीतरी बोलावं म्हणून मी पदर सावरून म्हटलं, "इथे उकाडा फारच आहे, नाही?" अण्णांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि एक सुस्कारा सोडून ते म्हणाले, "एक शेरापेक्षा जास्त नाही. तेल नको, लोणचं नको. कापडात शिवून द्या." आणि वर निघून गेले. मी घरात येऊन ह्यांना विचारलं, वरच्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना? पण ह्यांनी सगळा उलगडा केल्यावर मीही काही अगदीच भोळी नव्हते. अनायासे एक शेराची परवानगी मिळालीच होती, तर साताऱ्याला माझ्या आईसाठी मी नोलेन गुळाची, म्हणजे इकडच्या खजुराच्या गुळाची, ढेप आणि एक काठाची साडी शिवून पाठवली. सव्वा शेर भरली असावी.

निघण्याची तारीख अण्णा जिवापाड जपत. मला सप्तमी सांगत, मागच्या गल्लीतल्यांना दशमी, आणि गावात कुठली तारीख फिरते आहे त्यावरून कोण फुटलं ते ओळखत. फुटत त्या माईच, कारण त्यांना माणसांची दया येई. एके वर्षी अण्णांनी ट्रंक दोन दिवस आधी गुपचूप स्टेशनवर पोचवली, आणि स्वतः हातात भाजीची पिशवी नि छत्री घेऊन, बाजाराला चालल्यासारखे बाहेर पडले. माईंना मागच्या ट्रामने यायला सांगितलं होतं. ट्राममध्ये शेजारी बसलेल्या एका बंगाली गृहस्थाने, बिचाऱ्याने, वारा घेत म्हटलं, "की गरम पोडेछे, मोशाय." अण्णा ताडकन म्हणाले, "आमि जाच्छि ना." मी जात नाहीये, कुठेही जात नाहीये. त्या गृहस्थाने घाबरून एस्प्लनेड येईपर्यंत खिडकीबाहेरच पाहिलं. आणि एवढं करून अण्णा हावड्याला फलाटावर पोचले तर डब्यासमोर अकरा मराठी माणसं रांगेने उभी. प्रत्येकाच्या काखेत काहीतरी, आणि सगळ्यांत पुढचा म्हणतोय, "अण्णा, आज सकाळपासूनच तापतंय, नाही?"

अण्णांनी अकराही पुडकी घेतली. ती त्यांनी नेहमीच घेतली. पण घेताना जी झडती चाले ती कस्टमवाल्यांनी शिकावी. प्रत्येक पुडकं ते दाबत, हुंगत, कानाशी हलवत. "हे वाजतंय." "अण्णा, रुद्राक्षाची माळ आहे." "माळ सुटी वाजत नाही. लाह्या आहेत. चुरा झाला तर मला बोलायचं नाही." एकदा कुणीतरी शपथेवर सुका मेवा म्हणून लिंबाचं लोणचं दिलं आणि नागपूर यायच्या आत ते अण्णांच्या काळ्या कोटात उतरलं. त्या कोटाला पुढे कायमचा हिंगाचा वास राहिला. अण्णा तो कोट मुद्दाम घालत आणि पुडकं घेऊन येणाऱ्याला आधी त्याची बाही हुंगायला लावत.

पण अण्णांच्या संशयाचं खरं मोल मला तिसऱ्या वर्षी कळलं. पुडकं नुसतं पोचवून ते परत येत नसत. प्रत्येक घरी अर्धा तास बसत आणि घर न्याहाळत, कारण त्यांचा पत्रांवर मुळीच विश्वास नव्हता. "'आम्ही सर्व खुशाल' असं लिहिलेलं आलं की समजावं, काहीतरी दडवताहेत," हे त्यांचं ठाम मत. माझ्या आईचं कार्ड वाचून दाखवलं तर म्हणाले, "अक्षर मोठं का झालंय हो वहिनी?" मी म्हटलं, हौस असेल. त्या चैत्रात ते साताऱ्याला आईकडे गेले, तिच्या दारात उभे राहून स्वतःच्या सदऱ्याची गुंडी तोडली आणि आत जाऊन म्हणाले, "आजी, एवढी लावून देता का?" आईने सुई घेतली, दोरा घेतला, आणि बराच वेळ ओवत राहिली. शेवटी तिने हसत सुई त्यांच्याकडे दिली. परत आल्यावर अण्णांनी मला वर बोलावून सांगितलं, "डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन्ही. तुम्हाला लिहिणार नाहीत, लांब आहात म्हणून. भावाला पत्र टाका, आजच टाका." त्या पावसाळ्यात दादाने आईला पुण्याला नेऊन डोळे करून आणले. माझी आई पुढे कितीतरी वर्षं माझी पत्रं स्वतः वाचत होती ती एका तुटलेल्या गुंडीमुळे. त्यानंतर अण्णांच्या संशयाला हसताना मी जरा जपूनच हसू लागले.

सगळ्यांचं सामान नेणाऱ्या अण्णांचं स्वतःचं सामान म्हणाल तर एकच असे. अक्कांसाठी दर वर्षी नवी शीतलपाटी. इकडे उन्हाळ्यात अंथरतात ती, गार वेताची, गुळगुळीत चटई. ती मात्र ते कधी कापडात शिवत नसत. गुंडाळी करून बगलेत धरत आणि मुंबईपर्यंत वरच्या फळीवरसुद्धा ठेवत नसत, कारण फळीवरच्या लोकांचा काय भरवसा. अक्का बालविधवा. आई गेल्यावर अण्णांना त्यांनीच लहानाचं मोठं केलेलं. एवढं मला माईंनी सांगितलं होतं. अण्णा स्वतः अक्कांबद्दल एवढंच म्हणत, "ती माझ्याहून वाईट आहे."

मग एका माघात, चालत्या ट्राममधून उतरताना, अण्णा पडले आणि त्यांचा पाय मांडीत मोडला. प्लास्टर झालं, ते चैत्राच्या तोंडावर निघालं, पण डॉक्टरांनी दोन रात्रींच्या प्रवासाला साफ नाही म्हटलं. ही बातमी आमच्या मंडळींत एका संध्याकाळीत पसरली. आणि त्या वर्षी काय झालं असेल, तर कलकत्त्यात उकाडाच सुरू झाला नाही. म्हणजे रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं, घामोळ्यांनी मुलं रडत होती, पण अण्णांच्या जिन्यावर येऊन तसं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. पाय मोडला तेव्हा सगळे भेटून गेले होते, संत्री देऊन गेले होते. चैत्रात कुणी फिरकलं नाही. अण्णा आयुष्यभर म्हणत आले होते की निव्वळ उकाड्यासाठी कुणी येत नाही, आणि आता ते म्हणणं तंतोतंत खरं ठरलं होतं. ते दिवसभर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत. खाली पाऊल वाजलं की वाकून बघत, आणि पाऊल आमच्याच दारात थांबलं की पुन्हा मागे टेकत. मला त्या वेळी आमच्या सगळ्या मंडळींचा राग आला. माझाही आला, कारण मी तरी कुठे वर जात होते.

त्या वैशाखात ह्यांना रजा मिळाली आणि आमचं साताऱ्याला जायचं ठरलं. मी वर गेले. सरळ विचारलं तर अण्णा बिथरतील म्हणून आपल्या रीतीने सुरुवात केली, "अण्णा, उकाडा फार वाढलाय." त्यांनी माझे हात पाहिले, तोंड पाहिलं. "माझा पास यंदा निघालेला नाही, वहिनी. ठाऊक आहे ना तुम्हाला?" मी म्हटलं, "द्यायला नाही आले. न्यायला आले आहे. आम्ही चाललोय." माई उठल्या आणि कपाटामागून एक लांब गुंडाळी घेऊन आल्या. शीतलपाटी होती. मांजरपाटात शिवलेली, वर अक्कांचं नाव आणि वाईचा पत्ता शाईने लिहिलेला, आणि शाई चांगली फिकी पडलेली. "फाल्गुनापासून तयार आहे," माई म्हणाल्या. "पण विचारणार कोण? विचारायचं तर आधी उकाड्याचं बोलावं लागतं ना." अण्णांनी माईंकडे रागाने पाहिलं. मग मला बजावलं, "नुसती देऊन येऊ नका. बसा तिथे. मी खुशाल आहे असं ती म्हणेल. विश्वास ठेवू नका. आणि माझ्या पायाचं अवाक्षर काढू नका. ऑफिसात काम निघालं असं मी लिहिलंय."

वाईला अक्का ओट्यावरच बसल्या होत्या. ठेंगणी, काटक बाई. त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि मला थेट बेहालाच्या जिन्यात उभी असल्यासारखं वाटलं. गुंडाळी मांडीवर घेऊन त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. "तो कसा आहे?" मी म्हटलं, "खुशाल आहेत. काम निघालं म्हणून." अक्का शिवण बघत राहिल्या. मला ते गप्प बसणं सोसेना. मी म्हटलं, "यंदा तिकडे उकाडा फार आहे." अक्का म्हणाल्या, "उकाड्याचं राहू दे, पोरी. ही पाटी त्याने आजवर कुणाच्या हाती दिली नाही. काय मोडलंय त्याचं?"

मी सांगितलं. दुसरं काय करणार होते? येताना त्यांनी मला एक बाटली दिली, औषधी तेलाची, चिंधीने बूच बांधून वर कापडात शिवलेली. ती मी दोन रात्री मांडीवर धरून आणली, आणि त्या दोन रात्रींत अण्णांनी इतकी वर्षं काय केलं ते मला कळलं.

अण्णांनी बाटली हुंगली. "सांगितलंत तिला." मी मान हलवली. वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी बाटली खुर्चीच्या पायाशी नीट टेकवून ठेवली आणि विचारलं, "ती कशी आहे?" मी म्हटलं, "खुशाल आहेत." अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. तेव्हा मग मी खरं ते सांगितलं. शेजारणीने मला सांगितलं होतं की चैत्र लागल्यापासून अक्का रोज गाडीच्या वेळेला ओट्यावर येऊन बसतात, काम निघाल्याचं पत्र आल्यावरही बसत होत्या, आणि गाडीतली माणसं घरोघर गेली की उठून आत जातात.

बराच वेळ अण्णा खालच्या रस्त्याकडे बघत होते. मग पंच्याने कपाळ पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदा उकाडा फारच आहे, नाही?"

त्यांच्या तोंडून ते वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यामागे काय होतं ते मला विचारावं लागलं नाही.

"आहे खरा," मी म्हटलं, आणि मीही पदराने तोंड पुसलं.