सिद्धव्वाचा दोर

सिद्धव्वा मागं मागं चालायला लागली आणि मी भर वर्गात ओरडले. शिक्षिकेनं ओरडू नये, पण मी ओरडले!

सिद्धव्वा आळंद रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात बागकाम करते. माहेर करजगीचं. लहानपणी ओटीत अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, घेऊन ती बापाबरोबर दोर वळायची. नायलॉन आलं, दोर गेला, हातात खुरपं आलं. पण सवय कुठं जाते? प्रयोगशाळेमागं तिनं गुपचूप अंबाडी पेरली. ती पुरुषभर वाढली आणि प्राचार्यांच्या डोळ्यांत खुपली. "हे रान सोमवारी उपटा."

"बाई, वाख निघायच्या आत कामून उपटायलेत?" तिनं मला विचारलं. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मीच तात्पुरती नेमलेली, प्राचार्यांपुढं माझं काय चालणार?

शनिवारी मी सेल्युलोज शिकवत होते. झाडाच्या पेशीला पातळ पडदा असतो, त्यात सहा पाकळ्यांच्या फुलासारखी बारीक यंत्रं. यंत्र आतली साखर घेतं, कणाला कण जोडून साखळ्या बाहेर सोडतं. त्या चिकटून तंतू होतो आणि अशा तंतूंची पेशीभोवती भिंत उभी राहते. हे करताना यंत्र पडद्यात सरकत राहतं.

"त्याला ढकलतं कोण?" पहिल्या बाकावरच्या लिंगराजनं विचारलं. मी पुस्तकातलं वाक्य घडाघडा म्हटलं. पोरं मख्ख.

खिडकीशी खुरपणारी सिद्धव्वा हसली. "दोर वळताना मला कोन ढकलतंय?" ती सरळ आत आली, कनवटीला खोचलेला वाख काढला, टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि वाख लावत, पीळ देत मागं सरकू लागली. "टोक गच्च हाय, ते हलत न्हाई. दोर वाढायलाय, म्हनून मी मागं जायलेय."

तेव्हा मी ओरडले. सिद्धव्वा म्हणजे यंत्र, वाख म्हणजे साखर! तंतूचं टोक भिंतीत रुतलेलं, म्हणून वाढणारा तंतूच यंत्राला मागं रेटतो! मग सहा पोरं यंत्राच्या सहा पाकळ्या होऊन उठली, प्रत्येकाच्या हातात तीन धागे, आणि सगळी उलटी चालत व्हरांड्यात प्राचार्यांवरच आदळली. प्राचार्य रागावले, मग थांबले, मग त्यांनीही एक धागा धरला.

सोमवारी अंबाडीपुढं प्राचार्यांची पाटी लागली: 'अभ्यासासाठी राखीव. हात लावू नये.' मी धावतच सांगायला गेले. सिद्धव्वा विळा घेऊन अंबाडी कापत होती!

"अव्वा, वाचली की! कापायलीस कामून?"

"फूल आलंय बाई. आत्ता कापली तर वाख, राखली तर निबर हून सरपन. म्हैन्यानं दुसऱ्या वर्गाची पोरं हे शिकायला यायलीत न्हवं? त्यांच्या हातात काय देऊ, ही पाटी?"

मी पाटी उपटली आणि पेंढ्या बांधायला बसले.